रिकाम्या घराचं कुलूप

मे महिन्यात पुजारी मंडळी देवाच्या वाफ्यात बाजरी पेरून मोकळी झाली, की दुसऱ्या दिवशी सकाळी खाजणाचा राखणदार ओब्लिते ते बंद करायला निघायचा. कमरेला पांढरं धडुतं, खांद्यावर पुरुषभर उंचीची काठी, काठीच्या टोकाला ताडाची कोवळी झावळी बांधलेली. गुडघाभर पाण्यात उतरून तो काठी रोवायचा आणि खाजणाच्या देवीचं नाव घेऊन मोठ्यानं सांगायचा, "ओयालेआई निजली आहे. तीस दिवस जाळं नाही, ढोल नाही, आरडाओरडा नाही." तीस दिवसांनी पुन्हा जायचं, काठी उपटायची, पहिला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, आपल्या हातानं टाकायचा, की खाजण उघडलं. त्याच्या बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं.

फक्त एक गोष्ट होती. त्या खाजणात बत्तीस वर्षं मासा नव्हता.

मासा कसला, नाक उघडं ठेवून काठावर उभं राहायची सोय नव्हती. अर्ध्या आक्रा शहराची गटारं तिथं येऊन मिळत. वरच्या अंगाला भंगारवाले वायरी जाळून तांबं काढत, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत, आणि राहिलेलं सगळं पाण्यात. पाणी कसलं, काळी खीर. तरीही ओब्लिते दरवर्षी जायचा, रोवायचा, सांगायचा. आणि तिकडं रस्त्यावर लग्नाचे कर्णे बोंबलत, वेल्डिंगवाला ठणाठणा लोखंड बडवी, कुणी त्याच्याकडं ढुंकून बघत नसे. तोही कुणाला काही म्हणत नसे. कोणत्या तोंडानं म्हणणार?

काठावरच आमेर्लेची चूल होती. मक्याचं आंबवलेलं पीठ कणसाच्या पानात गुंडाळून ती केंके उकडी, आणि त्या केंक्यांवर तिनं चार पोरं वाढवली, दोन जावई पोसले. तोंडानं अशी, की दगडालाही घाम फुटावा. चिखलाचे पाय घेऊन ओब्लिते वर आला, की पिठात कालथा थांबवून ती विचारायची, "काय हो नी, लावलंत का कुलूप रिकाम्या घराला?"

नी म्हणजे आजोबा. अख्खी वस्ती त्याला नी म्हणे.

"लावलं," ओब्लिते म्हणायचा.

"आणि चोर शिरला तर?"

"शिरू दे की बापडा. नेण्यासारखं आहे काय आत? गाळ? तो नेलान, तर त्याच्या नावानं कोंबडं कापीन."

गिऱ्हाइकं हसत, तोही हसे. पण एकदा, बायको गेली त्या वर्षी, तो चुलीपाशी केंके सोलता सोलता बोलून गेला, "आमेर्ले, मला एकदाच खरं खाजण उघडायचं आहे गं. एकदाच. पाग टाकला नि आत काहीतरी फडफडलं, एवढंच. मग डोळे मिटले तरी चालेल." त्याचा मुलगा कुमासीला टॅक्सी चालवी. त्यानं कधीच सांगून टाकलं होतं, की बापाची काठी आपण काही धरणार नाही. म्हणजे ओब्लितेनंतर काठी संपली. आमेर्लेनं त्या दिवशी थट्टा केली नाही, वरून एक तळलेला मासा मात्र त्याच्या पानात टाकला. तो समुद्रातला होता.

ओब्लिते एकाहत्तरचा झाला, आणि त्या वर्षी खाजणात गाळ उपसायचं यंत्र आलं.

यायचं होतं डिसेंबरात, कोरड्या दिवसांत. आलं मार्चच्या मध्यावर. सरकारी काम आणि सहा महिने थांब. मधले तीन महिने कागद कुठल्या टेबलावर झोपला होता, ते त्या टेबलालाच ठाऊक. सोबत आली इंजिनिअर, झिफा नावाची, तिशीतली, पायात रबरी बूट. ती काही इथली नव्हती. पूर्वेकडच्या एव्हे लोकांतली. पण तिचं गाव खाजणाकाठचं होतं. पहिल्याच दिवशी ती जिनची बाटली घेऊन ओब्लितेच्या दारात उभी राहिली, आणि आधी बूट काढले, मग तोंड उघडलं. ओब्लितेला तिथंच ती आवडली.

"नी, आईला विचारून द्या. तिच्या अंगाला हात लावायचा आहे."

"किती खोल?"

"विष संपेल तिथवर."

ओब्लितेनं काठावर जिन ओतली, आईला सगळं सांगितलं. मग झिफाला होडीत घालून तो खाजणाच्या समुद्राकडच्या कोपऱ्यात गेला आणि लांब बांबू गाळात घातला. जात जात, जात जात तो बांबू एका ठिकाणी कचकन थांबला. "शिंपल्या," तो म्हणाला. "हा तिचा खरा तळ. आम्ही पोरं बुडी मारून मूठभर शिंपल्या आणायचो. इथवर काढ. वर एक बोटही ठेवू नकोस, खाली एक बोटही जाऊ नकोस."

तो कोपरा आधी घेतला. पाण्यात कापडी पडदा लावून तेवढा भाग वेगळा केला. पंप गाळ ओढायचा, पाइपातून काठावरच्या मोठ्या खड्ड्यात सोडायचा. खड्ड्याला चहूकडून मातीचा बांध. तिथं पाणी निथळायचं, गाळ बसायचा, आणि तो ट्रक भरभरून गावाबाहेर पक्क्या खड्ड्यात पुरायला न्यायचे. हा काठावरचा खड्डा नेमका आमेर्लेच्या गल्लीच्या डोक्यावर. ती पहिल्या दिवसापासून नाकाला पदर लावून शिव्या घालत होती. "बाई गं, आईच्या पोटातली घाण काढलीत ती ठीक, पण ती माझ्या डोक्यावर का वाळत घातलीत?"

"मावशी, ट्रक रोज जातात ना," झिफा म्हणायची. "साठू देणार नाही. जूनच्या पावसाआधी खड्डा रिकामा. माझा शब्द."

आणि खरंच ट्रक रोज जात होते.

एप्रिल सरता सरता एका सकाळी ओब्लिते भरतीच्या वेळेला त्या कोपऱ्यात होडी घेऊन गेला. तिथं पाणी आता पाण्यासारखं दिसत होतं. खाली पांढरं काहीतरी चमकत होतं, शिंपल्याच असाव्यात. तो वाकला. आणि त्या पांढऱ्यावरून बारीक सावल्यांचा एक पुंजका सरकला, थांबला, झटकन वळला. करंगळीच्या नखाएवढी पिलं. चिलापीची! समुद्राच्या तोंडानं आत आलेली. ओब्लितेनं हात पाण्यात घातला तशी ती पळाली, आणि परत आली.

तो होडी वल्हवत काठाला लागला तो थेट चुलीपाशी. "आमेर्ले, चल."

"केंके लागतील बुडाला!"

"लागू देत. चल म्हणतो ना!"

तिचा दंड धरून त्यानं तिला होडीत घातलं. सबंध वाटभर तिची टकळी चालू होती, की म्हाताऱ्याला उन्हानं भ्रम झालाय, नाहीतर आदल्या दिवशीची जिन अजून उतरली नाही. कोपऱ्यात गेल्यावर ती वाकली. बराच वेळ काही बोलली नाही. आमेर्ले गप्प, हे वस्तीनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग पदरानं डोळे टिपत म्हणाली, "नी, घरात कुणीतरी राहायला आलं की हो."

दोघंही त्या होडीत बसून लहान पोरांसारखी रडली. खोटं कशाला सांगू, हे ऐकून वस्तीतही बरेच जण रडले.

आता मे आला. बाजरी पेरली गेली. खाजण बंद करायच्या आदल्या दिवशी झिफा आली. या खेपेला तिच्या हातात बाटली नव्हती.

"नी, पंप मी बंद करते. तीस दिवस पाण्याला हात लावत नाही. पण ट्रक चालू द्या. खड्डा गळ्यापर्यंत भरलाय. तीन महिने उशिरा आलो आम्ही, म्हणून ढीग अंगावर पडलाय. ट्रक नाही गेले तर पाऊस गाठील."

"ट्रकांचा आवाज होतो. ते खोदयंत्र घरघरतं. माणसं ओरडतात."

"दिवसाच चालवीन. हळू चालवीन."

ओब्लितेनं मान हलवली. "पोरी, बत्तीस वर्षं मी रिकामं घर बंद केलं. तेव्हा लग्नं वाजली, वेल्डिंग वाजलं, मी कुणाला काही बोललो नाही. कशाला बोलू? आत होतं कोण? आता सांग, मासा आहे की नाही?"

"आहे."

"मग बंद म्हणजे बंद. ती आत्ता कुठं बाळंत झाली आहे. बाळंतिणीच्या खोलीबाहेर कुणी ट्रक फिरवतं का?"

झिफा मोठ्या पुजाऱ्याकडं गेली. तो अंथरुणाला खिळलेला. त्यानं हात हलवला. "खाजण ओब्लितेचं आहे. तो म्हणेल ते." ती आपल्या कचेरीत गेली. तिथं तिला वाटलं होतं वाद होईल. पण कचेरीनं ताबडतोब मान डोलावली. महिनाभर ट्रकांचं भाडं वाचत होतं ना! वर, लोकांच्या भावना जपल्या, असंही म्हणता आलं. अशा वेळी कचेऱ्यांना भारी चपळाई येते.

त्या वर्षीसारखं खाजण कधी बंद झालं नव्हतं. काठी रोवून ओब्लिते वर आला तेव्हा आमेर्लेनं विचारलं, "काय हो नी, लावलंत का कुलूप?" पुढचं 'रिकाम्या घराला' तिनं गिळलं, आणि दोघं हसली. मग तो एकेका दुकानात स्वतः गेला. वेल्डिंगवाल्याला म्हणाला, बाळा, तीस दिवस पलीकडच्या रस्त्यावर बडव. कर्णेवाल्याला म्हणाला, वाजवलंस तर कर्णा खाजणात बुडवीन. आणि लोकांनी ऐकलं! जो तो पिलं बघून आला होता. बायका भांडण लागलं तरी घरात जाऊन भांडत. वस्तीत असा शुकशुकाट, की केंक्याचं पाणी उकळलेलं ऐकू यायचं.

ते बावीस दिवस ओब्लितेच्या आयुष्यातले सुखाचे. तो दिवसभर काठावर बसून असायचा. पिलं बोटाएवढी झाली, पाठीवर पट्टे उमटले. एक बगळा आला तर त्यानं त्याला दगड मारून हाकललं, आणि मग, बगळा आला म्हणजे मासा खरा, म्हणून स्वतःशीच हसला. त्यानं बापाचा जुना पाग काढला, जाळीच्या फाटक्या घरांना नवी दोरी ओवली, शिशाचे मणी एकेक तपासले. तिसाव्या दिवशी पहिली चिलापी कुणाला द्यायची तेही त्यानं ठरवून टाकलं होतं. आमेर्लेला द्यायची. आणि वर म्हणायचं, "घे, भाडं आलं."

तेविसाव्या दिवशी पाऊस लागला.

साधासुधा नव्हे, एक दिवस, दुसरा दिवस, थांबायचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओब्लिते खड्ड्याकडं गेला. बांधाच्या पायथ्याशी माती ओली होऊन काळपट पाझरत होती. त्यानं बोट लावून वास घेतला. तेवढ्यात झिफा आली, नखशिखांत भिजलेली, बूट चिखलानं जड झालेले.

"नी, अजून वेळ आहे. सहा ट्रक आणि एक पंप मी माझ्या जबाबदारीवर आणते. संध्याकाळपर्यंत वरचं पाणी उतरेल. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर वस्ती मला ट्रक आत आणू देणार नाही. तुम्हीच त्यांना तसं शिकवलंत."

खरं होतं ते. ओब्लितेनं कोपऱ्याकडं पाहिलं. तिकडं पाण्यावर पाऊस पडत होता, आणि त्याच्या खाली आई होती. त्याला वाटलं, बत्तीस वर्षं ती माझी वाट बघत राहिली, आणि मी सहा दिवसांसाठी शब्द मोडू? त्याला खरोखर असंच वाटलं. हट्ट नव्हता तो. लोक पुढं काही का बोलेनात, हट्ट नव्हता.

"उद्या सकाळपर्यंत बघू," तो म्हणाला. "उघडीप होईल."

 झिफा एकटीच फावडं घेऊन बांधावर माती टाकत राहिली. दोन-चार बायका तिच्या मदतीला गेल्या. त्यात आमेर्ले होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास बांध बसला. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. एक बाजू लोण्यासारखी खाली आली, आणि दोन महिन्यांत उपसलेला गाळ, जेवढा तिथं साठला होता तेवढा सगळा, निघाला. अर्धा आमेर्लेच्या गल्लीत शिरला, अर्धा उतारानं खाजणाच्या त्याच कोपऱ्यात. माणसं वाचली, कारण बायका आधीच बांधावर होत्या आणि त्यांनी ओरडून घरं रिकामी केली. तीस दिवसांचं मौन मोडलं ते असं.

गल्लीत कंबरेएवढा काळा गाळ. आमेर्लेची चूल, पिठाची पिंपं, सुकवलेली कणसाची पानं, सगळं त्याखाली. दुसऱ्याच दिवशी माणसं मोजायची यंत्रं घेऊन आली आणि तिला म्हणाली, की या जमिनीवर आता खायचं काही शिजवायचं नाही, शिसं आहे. किती दिवस, असं तिनं विचारलं. त्यांनी यंत्रं पिशवीत भरली.

कोपऱ्यात मासे वर आले होते. बोटाएवढे, पट्ट्यांचे, पोट वर करून. ओब्लितेनं ते ओंजळीनं गोळा केले. त्याला मोजायचे नव्हते; पण पाण्यात तसे सोडवतही नव्हते. दैव देतं आणि कर्म नेतं, असं आपण सहज म्हणतो. ते ज्याच्या ओंजळीत असतं त्याला विचारावं.

बांध बुटका होता, हे सगळ्यांना दिसत होतं. काम तीन महिने उशिरा सुरू झालं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण कचेरीनं तिसऱ्याच दिवशी जो कागद काढला त्यात बांध नव्हता, उशीर नव्हता. एकच ओळ होती: स्थानिक रूढीमुळे काम थांबवावं लागलं, त्यामुळे नुकसान झालं, सबब प्रकल्प बंद करण्यात येत आहे. यंत्र सुटं करून ट्रकांवर चढवलं. आता ट्रक बरोबर मिळाले.

जाताना झिफा ओब्लितेच्या दारात आली. बूट काढले. "नी, त्या कागदावर माझी सही नाही," ती म्हणाली. "मी बांधाचं लिहून दिलं होतं. ते फाडलं त्यांनी."

"बांधाचं जाऊ दे," ओब्लिते म्हणाला. "तू मला आदल्या दिवशी विचारलं होतंस. मी नाही म्हणालो."

"नी..."

"माझ्या नावानं लिहिलं ते बरोबर लिहिलं, पोरी. तू तुझ्या गावचं खाजण सांभाळ."

ती उंबऱ्यात बसून खूप रडली, आणि मग गेली.

तिसावा दिवस आला. खाजण बंद केलं की उघडावं लागतं. तसंच ठेवता येत नाही. ओब्लिते पांढरं धडुतं नेसला, ओवून ठेवलेला पाग खांद्यावर टाकला आणि एकटाच निघाला. काठी उभी होती. झावळी काळी पडली होती. त्यानं ओढली तशी ती एका हातानं निघाली. गाळ तिला धरून ठेवण्याइतका घट्ट नव्हता. "आई उठली आहे," तो म्हणाला. एवढंच म्हणायचं असतं. मग त्यानं पाग टाकला, कारण तोही टाकायचा असतो. पाग ओढताना जड लागला, आणि एक क्षणभर, या वयात, एवढं सगळं होऊन, त्याच्या छातीत धडधडलं. वर आला तो सगळा गाळ.

आमेर्लेनं आता रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडले होते. कुणाकडून तरी पीठ उसनं आणून पाचपंचवीस केंके उकडत होती. गिऱ्हाईक नव्हतं, त्या गल्लीची बाई म्हटल्यावर लोक लांबून जात. ओब्लिते मांडीपर्यंत काळा होऊन तिच्यासमोर उभा राहिला. तिनं वर पाहिलं आणि परत भांड्यात पाहिलं.

"विचार ना," तो म्हणाला.

"काय?"

"दरवर्षी विचारतेस ते. कुलपाचं."

"नको, नी. घरी जा. अंग धुवा."

"विचार म्हणतो ना, आमेर्ले! सगळी वस्ती तोंड चुकवते. कुणी शिवीसुद्धा देत नाही. तू तरी विचार."

तिनं कालथा खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"ते मी रिकाम्या घराला म्हणायचे, नी," ती म्हणाली. "औंदा घर भरलेलं होतं."

ओब्लिते तिथंच खाली बसला. तिनं प्यायच्या पाण्याची बादली त्याच्याकडं सरकवली आणि म्हणाली, "पाय धुऊन घ्या आधी. त्या गाळात शिसं आहे म्हणतात."